एस्केप गेमचा उपक्रम काढायच्या आधी एवढं वाचा

प्रति,
डाएट (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था), गट साधन केंद्र आणि केंद्र पातळीवर आम्हा शाळांसाठी उपक्रम ठरवणारे सगळे साहेब, मॅडम आणि विषयतज्ज्ञ,

सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत शिकवते, सहावी ते आठवीचं गणित-विज्ञान माझ्याकडे, आणि शिक्षक कमी म्हणून सातवीचा इतिहासही माझ्याकडेच. ग्रुपवर गेले काही दिवस एक चर्चा फिरतेय की आता वर्गात एस्केप गेम (गटाने कोडी सोडवत कुलपं उघडायचा खेळ) घ्यायचे, त्याचा उपक्रम निघणार, मग स्पर्धा, मग फोटो टाकायची लिंक. खरं खोटं देव जाणे. पण आपल्याकडे चर्चा फिरली की महिन्याभरात परिपत्रक येतंच, म्हणून आधीच लिहून टाकते.

पहिलं म्हणजे मी या खेळाच्या विरोधात नाहीये, उलट मला तो फार आवडतो, वर्गात घेतेसुद्धा. म्हणूनच भीती वाटते. चांगली गोष्ट सक्तीची झाली की तिचं काय होतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, नावं घ्यायला नकोत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जपानमध्ये क्योटोला २००७ मध्ये ताकाओ कातो नावाच्या माणसाने हा खेळ प्रत्यक्षात आणला. त्याआधी तो कॉम्प्युटरवर होता, एका खोलीत अडकलोय आणि वस्तू शोधत कोडी सोडवत बाहेर पडायचं, असा. कातोने खरी माणसं, खरी कोडी आणि घड्याळ घेतलं. २०११ मध्ये बुडापेस्टला तो रोजचा धंदा झाला, मग जगभर पसरला, आता पुण्या-मुंबईत मॉलशेजारी खोल्या आहेत आणि ऑफिसवाले टीम बिल्डिंगला तिकडे जातात. शाळांनी, म्हणजे २०१५ च्या आसपास अमेरिकेतल्या शिक्षकांनी, एक शहाणपणाचा बदल केला. मुलांना खोलीत कोंडायचं नाही, एका पेटीला चार कुलपं लावायची आणि ती पेटी वर्गात ठेवायची. पोरं बाहेर पडत नाहीत, पेटीत शिरतात.

हा बदल नुसता सोयीसाठी नाहीये हो. जानेवारी २०१९ मध्ये पोलंडमधल्या कोशालिन शहरात अशाच एका खेळाच्या खोलीत आग लागली आणि वाढदिवसाला आलेल्या पंधरा वर्षांच्या पाच मुली गेल्या. त्यामुळे परिपत्रक काढलंच तर पहिली ओळ हीच लिहा की कुठल्याही वर्गाला, कुठल्याही कारणाने, बाहेरून कडी लावायची नाही. मजेत पण नाही. कुलूप फक्त डब्याला. कारण आपल्याकडे कुणीतरी अतिउत्साही 'खरंखुरं वाटावं' म्हणून दार ओढून घेणारच, मला माझे लोक माहीत आहेत.

आता मुद्द्याचं. हा खेळ म्हणजे काय शिकवायचं साधन आहे हे जर कळलं नाही तर तो कुलूप लावलेला स्वाध्याय होतो. मी बघितलेत असे नमुने, यूट्यूबवर ढिगाने आहेत. वर सजावट म्हणून भुताचा वाडा, आणि क्लू काय, तर 'अठ्ठेचाळीस गुणिले पंचवीस करा, उत्तर म्हणजे कोड'. अरे पण भुताला गुणाकाराशी काय घेणं? पोराने गुणाकार वहीत केला काय आणि वाड्यात केला काय, फरक एवढाच की इथे चुकला तर सगळा गट ओरडतो. कॅनडातले स्कॉट निकल्सन नावाचे प्राध्यापक या खेळांवर बरंच लिहितात, त्यांचा आग्रहच हा आहे की प्रत्येक कोड्याला विचारा, हे इथे का आहे? गोष्टीत त्याचं काम काय? उत्तर नसेल तर काढून टाका.

मी जो खेळ घेते तो सांगते, म्हणजे हवेत बोलतेय असं नको व्हायला. विषय, आग्र्याहून सुटका. आता याच्याइतका मोठा एस्केप गेम आपल्या पोरांना दुसरा कुठला सांगणार? १७ ऑगस्ट १६६६. सातवीच्या पोरांना गोष्ट पाठ असते, मिठाईचे पेटारे, पलंगावर हिरोजी फर्जंद, पायाशी मदारी मेहतर. पण गोष्ट पाठ असणं आणि तिच्यातून विचार करणं यात अंतर आहे, आणि ते अंतर भरायला कोडी.

पहिलं कोडं पुरंदरच्या तहाचं, कारण आग्र्याला जायची वेळच तिथून आली. १६६५ च्या तहात किती किल्ले दिले, किती राहिले. २३ दिले, १२ राखले. चार आकडी कुलूप, आधी दिलेले मग राखलेले, २३१२. पुस्तक उघडं ठेवायला परवानगी. हे सोपंच ठेवते मुद्दाम, पहिलं कुलूप पाच मिनिटात उघडलं पाहिजे नाहीतर मागच्या बाकावरची मंडळी तिथेच हात काढून घेतात.

दुसरं माझं लाडकं. नऊ काड्यापेट्या, सगळ्या दिसायला सारख्या, त्या म्हणजे पेटारे. एकीत वाळू जास्त, म्हणजे त्यात माणूस बसलाय. तुम्ही मुघलांचे पहारेकरी. तराजू आहे (हँगर, दोन बाजूंना दोऱ्याने टांगलेले प्लास्टिकचे कप) पण तो फक्त दोनदा वापरायचा. माणसाचा पेटारा कुठला? मुलं पहिल्यांदा काय करतात माहितीये, एक इकडे एक तिकडे, एक इकडे एक तिकडे, दोन वेळा संपल्या की बोंब. मग चार-चार ठेवून बघतात. मग भांडण. मग कुणाच्या तरी डोक्यात येतं की तीन-तीन ठेवू, बाहेर पण तीनच राहतील. तराजू समान राहिला तर माणूस बाहेरच्या तिनात, झुकला तर झुकलेल्या तिनात. मग त्या तिनातून एक-एक. झालं, दोन वजनात नऊपैकी एक. आणि इथे गंमत अशी की हे उत्तर गणितात 'हुशार' असलेल्या पोराकडूनच येतं असं अजिबात नाही. एकदा एका मुलीने काढलं जिची आई आठवडी बाजारात भाजी विकते, ती आधी हँगर मधोमध धरला नाहीये म्हणून सगळ्यांवर ओरडली, आणि तिचं बरोबर होतं, रिकामे कपच समान लागत नव्हते. तराजू आधी रिकामा तपासायचा हे विज्ञानाच्या पुस्तकात मी कितीदा वाचून दाखवलं असेल.

तिसरं विज्ञानाचं. एक कोरा कागद, म्हणजे गुप्त पत्र. धुण्याच्या सोड्याचं पाणी करून कापसाच्या काडीने त्यावर आधीच लिहून वाळवून ठेवायचं, काही दिसत नाही. बाजूला तीन वाट्या, लिंबूपाणी, मिठाचं पाणी, हळदीचं पाणी, वाट्यांवर नावं नाहीत पण हळद लपत नाही म्हणा. हळदीचं पाणी फिरवलं की पिवळ्या कागदावर लालसर तपकिरी अक्षरं येतात आणि वर्ग किंचाळतो. शर्टावरच्या हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो हे घराघरात बघितलेलं असतं, कुंकू सुद्धा जुन्या पद्धतीने हळदीत चुना घालूनच करायचे. आम्लारीचं दर्शक म्हणजे काय हे त्या कागदावरून जेवढं डोक्यात बसतं तेवढं फळ्यावरून बसत नाही. हां, धुण्याचा सोडा आहे, डोळ्याला हात लावू नका, नंतर हात धुवा, आणि कुठल्याही वाटीची चव घ्यायची नाही, हे खेळ सुरू व्हायच्या आधी. आणि खेळ संपल्यावर हेही स्पष्ट सांगायचं की हळदीचं पत्र ही आपली कल्पना, इतिहासात असं लिहिलेलं नाही. नाहीतर दुसऱ्या दिवशी पोरगं घरी जाऊन सांगतं की बहिर्जी नाईक सोड्याने पत्र लिहायचे.

चौथं नकाशाचं. आग्रा ते राजगड, १ सेंमी म्हणजे २०० किमी. सरळ रेषेत साडेपाच सेंमीच्या आसपास भरतं, म्हणजे ११०० किमीच्या घरात. हा कोड. आता यात खरा खेळ कुलूप उघडल्यावर सुरू होतो, कारण कुणीतरी म्हणतंच की बाई, सरळ रेषेत कोण जाईल, मध्ये नद्या आहेत, चौक्या आहेत. आणि महाराज आधी मथुरेकडे गेले, ते तर वर आहे, उलट्या दिशेला! का? पाठलाग करणारे दक्षिणेकडे बघणार म्हणून. मग दोरा घेऊन वाकडातिकडा मार्ग मोजायचा. इथे मी गप्प बसते. वीस मिनिटं पोरं नकाशावर ओणवी असतात.

एवढं सविस्तर का लिहिलं, तर तुम्ही जेव्हा 'एस्केप गेम घ्या' असं एका ओळीत लिहाल तेव्हा त्या ओळीच्या मागे हे सगळं असतं. नऊ काड्यापेट्यांत वाळू भरून वजन सारखं करायला माझी एक संध्याकाळ जाते, कोडं आधी कुणावर तरी खेळवून बघावं लागतं (माझ्या घरच्यांवर, दुसरं कोण), आणि अ तुकडीने खेळलं की मधल्या सुट्टीत ब तुकडीला सगळे कोड पोचलेले असतात, मग आकडे बदला.

आता सहकार्याचं. सगळे म्हणतात यातून टीमवर्क येतं. आपोआप येत नाही हो. सहा जणांचा गट करून मध्ये पेटी ठेवली तर काय होतं ते सांगते, वर्गातला पहिला नंबर पेटी स्वतःकडे ओढतो, दोन जण त्याला हो हो करतात, एक खिडकीबाहेर, आणि दोन मुली मागे उभ्या, त्यांना काय चाललंय दिसत पण नाही. वीस मिनिटात पेटी उघडली, टाळ्या, फोटो. फोटोत सहाही जण हसतायत. शिकलं कोण? एकच. आणि तो आधीपासून येत असलेलंच शिकला.

यावर उपाय जुना आहे, एस्केप गेमच्या कितीतरी आधीचा. १९७१ मध्ये टेक्सासच्या ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि वर्गात नुसता तणाव होता, तिथे एलियट ॲरनसन या मानसशास्त्रज्ञाने धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा दिला. प्रत्येकाला दुसऱ्याचं ऐकावंच लागणार, कारण त्याच्याकडचं दुसऱ्या कुणाकडेच नाही. मी तेच करते. प्रत्येक क्लू सहा कार्डांत फोडलेला, प्रत्येकाकडे एक, आणि नियम एकच की आपलं कार्ड दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही, वाचून किंवा सांगून दाखवायचं. ज्याला वाचायला जड जातं त्याच्या कार्डावर चित्र किंवा नकाशाचा तुकडा, म्हणजे त्याला पण सांगण्यासारखं काहीतरी आहे आणि बाकीच्यांना त्याच्या तोंडाकडे बघावंच लागतं. पहिला नंबरवाला चडफडतो, ओढायला जातो, मग कंटाळून ऐकायला लागतो. आपल्या वर्गांत कोण कुणाचं ऐकतं आणि कोणाच्या हातातलं कोण घेतं हे काही फक्त हुशारीवर ठरत नाही, तुम्हाला ते वेगळं सांगायला नको. म्हणून गट मी पाडते, चिठ्ठ्या टाकून नाही आणि त्यांच्या मर्जीने तर नाहीच.

संशोधन काय म्हणतं असं कुणी विचारेल, प्रस्तावाला लागतं ते. नेदरलँड्समधल्या युट्रेख्त विद्यापीठाच्या ॲलिस वेल्डकँप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये अशा शैक्षणिक खेळांवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. मुलं यात रमतात, एकत्र काम करतात, हे ठळक दिसतं, पण विषय खरंच जास्त कळला का याचा पुरावा तेवढा पक्का नाही. मला हे पटतं. नवी संकल्पना शिकवायला हा खेळ मी कधीच वापरत नाही, जमतच नाही, माहीत नसलेल्या गोष्टीचं कोडं म्हणजे नुसता छळ. शिकवून झालेलं वापरायला लावायचं असेल तेव्हा मात्र चांगला. आणि त्यातही कळणं घडतं ते खेळानंतरच्या चर्चेत. तीन-तीन का ठेवले? दोनच्या ऐवजी तीनदा वजन करायला दिलं तर किती पेटारे चालतील? (सत्तावीस. एकदा पोरांनी मधल्या सुट्टीत भिंतीवर कोळशाने मांडून काढलं, मुख्याध्यापक चिडले ते वेगळं.) ही चर्चा कापली की राहते फक्त धमाल, आणि पेटी उघडल्या उघडल्या घंटा वाजली तर चर्चा कापलीच जाते. म्हणून दोन तासिका जोडून लागतात, निम्मा वेळ खेळ आणि निम्मा बोलणं.

तर आता मागण्या म्हणा, विनंती म्हणा.

स्पर्धा नको. केंद्रस्तर, तालुकास्तर, जिल्हास्तर असं केलंत की मी पण शेवटी सहा हुशार पोरं निवडीन, त्यांची तयारी घेईन आणि बाकीचा वर्ग टाळ्या वाजवायला. टायमर पण मोठ्या स्क्रीनवर लावून घाबरवायला नको, घड्याळ असावं पण अडकलेल्या गटाला हिंट मागायची सोय असावी आणि हिंट मागितली म्हणून गुण कापायचे नाहीत.

किट नको. कुणीतरी पुरवठादार रंगीत खोका घेऊन येईल, आत चार कुलपं, इंग्रजी कार्डं आणि जंगलातल्या चाच्यांची गोष्ट, शाळा अनुदानातून घ्या म्हणून सांगितलं जाईल, मग ते एक किल्ली हरवली की कपाटात. कुलपं गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. नाही मिळाली तर पाकिटं चालतात, गटाने कोड सांगितला आणि बरोबर असला तर पुढचं पाकीट द्यायला आठवीतली एक मुलगी टेबलावर बसवायची, तीच कुलूप. जिथे नेट आहे तिथे गुगल फॉर्ममध्ये बरोबर उत्तराशिवाय पुढचा भाग उघडत नाही अशी सोय करता येते, आमच्याकडे रेंजसाठी शाळेच्या गच्चीवर जावं लागतं, त्यामुळे पाकिटं झिंदाबाद.

फोटोची लिंक नको. हे मी हात जोडून सांगते. ज्या दिवशी जिओ टॅग केलेला फोटो दुपारी चारच्या आत अपलोड करायचा असेल त्या दिवशी कुठल्याच शाळेत हा खेळ होणार नाही, फोटो मात्र सगळ्यांचे येतील. पेटीभोवती सहा मुलं उभी करायला दोन मिनिटं लागतात. पाहिजेच असेल काही तर कोडी मागा. शिक्षकांनी स्वतः केलेली, आपल्या मुलांवर खेळवून बघितलेली, कुठे फसलं तेही लिहिलेली. जिल्ह्यातून चांगली पंधरा-वीस जरी जमली तरी ती किटापेक्षा भारी असतील, त्यात कोकणातल्या शाळेची होडीची आणि भरती-ओहोटीची कोडी येतील, आमच्याकडची उसाची आणि पाणीपाळीची.

आणि वेळ द्या. नवीन काही जोडू नका, आहे त्यात बसवा. आनंददायी शनिवार आहेच, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सांगितलेत, त्यातला एखादा दिवस याला देता येतो. सत्रात एक खेळ नीट झाला तरी पुष्कळ. दरमहा एक म्हणालात तर भुताचा वाडा आणि गुणाकारच मिळेल तुम्हाला. ज्यांना नाही करायचं त्यांना सोडून द्या, काही शिक्षक गोष्ट सांगून जे करतात ते मला चार पेट्यांनी पण जमणार नाही.

शेवटची विनंती प्रशिक्षणाची. यावर पीपीटी नको. सुलभक पुढे उभा राहून 'सहकारी अध्ययनाचे फायदे' वाचतोय आणि आम्ही मागे बसून शालार्थचं (पगाराच्या ऑनलाइन प्रणालीचं) बोलतोय, हे चित्र कुणालाच नवीन नाही. त्यापेक्षा पुढच्या केंद्र शिक्षण परिषदेत मला आणि शेजारच्या शाळेतल्या सरांना दीड तास द्या, पेट्या आम्ही आणतो, हळद पण आणतो. खेळायचं मात्र तुम्ही, साहेब लोकांनी, सहा-सहाच्या गटात, पद बाजूला ठेवून, प्रत्येकाच्या हातात एकच कार्ड आणि ते शेजारच्याला द्यायचं नाही. मोबाईल दाराबाहेरच्या टोपलीत. दार उघडंच असेल.

आपली,
सातवीची एक बाई